सुट्या भागांची मोटार

न्यूझीलंड हा दक्षिण प्रशांत महासागरातील एक छोटा देश. ऑकलंड हे तेथील सर्वांत मोठे शहर. या शहराच्या रेम्युएरा भागात लेस मॅक्लारेन नावाचे गृहस्थ राहत होते. त्यांचा पेट्रोल पंप होता आणि पंपाला लागूनच मोटार दुरुस्तीचे गॅरेज होते. लेस व त्यांचे भाऊ तरुणपणी मोटारसायकलच्या शर्यतीत भाग घेत. एका दुखापतीनंतर लेस यांनी मोटारसायकल सोडली, पण यंत्रांचा शौक काही सुटला नाही. ३० ऑगस्ट १९३७ रोजी त्यांच्या घरी मुलगा जन्मला. त्याचे नाव ब्रूस.

ज्या मुलाचे वडील गॅरेज चालवतात त्याला खेळणी वेगळी आणावी लागत नाहीत. ग्रीसचा वास, पान्यांचा खणखणाट, जॅकवर उचललेल्या गाड्या, त्यांच्या खाली पाय बाहेर ठेवून पडलेले मिस्त्री, हे सारे ब्रूसने शाळेत जाण्यापूर्वीच पाहिले होते. कोणती गाडी दुरुस्तीला आली आहे हे तिच्या आवाजावरून ओळखण्याचे वय फार लवकर येते. आपल्याकडेही अशी मुले असतात. पुस्तकातील धडा त्यांना आठवत नाही, पण रिक्षाच्या इंजिनात काय बिघडले ते बरोबर सांगतात.

ब्रूस नऊ वर्षांचा असताना त्याच्या खुब्यात दुखू लागले. तो लंगडू लागला. डॉक्टरांनी तपासले तेव्हा पर्थीस नावाचा आजार निघाला. मांडीच्या हाडाचे वरचे टोक खुब्याच्या सांध्यात बसलेले असते. या आजारात त्या टोकाला पुरेसे रक्त मिळत नाही, त्यामुळे हाड मऊ होऊन झिजू लागते. अशा वेळी त्या पायावर भार पडला तर हाडाचा आकार कायमचा बिघडतो. त्या काळी यावर एकच उपाय होता. रुग्णाने चालायचे नाही, उभे राहायचे नाही, पाय ताणलेल्या स्थितीत ठेवून पडून राहायचे, आणि तेही महिनोन् महिने.

ऑकलंडजवळ टाकापुना येथे अपंग मुलांसाठी विल्सन होम नावाची संस्था होती. ब्रूसला तेथे ठेवण्यात आले. लोखंडी चौकटीवर कापड ताणून केलेल्या एका शय्येवर त्याला बांधून ठेवत. धावण्याखेळण्याचे वय, आणि दोन वर्षे पाठीवर पडून काढायची! त्या मुलाची स्थिती काय झाली असेल याची कल्पना करून पाहा. बरोबरीची मुले बाहेर क्रिकेट व रग्बी खेळत होती आणि याला कुशीवर वळायचेही मनाई होते.

शेवटी हाड सुधारले. ब्रूस घरी आला, परंतु पूर्वीसारखा नाही. त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहिला. त्याला आयुष्यभर लंगडत चालावे लागले. धावण्याचे, उड्या मारण्याचे खेळ त्याला बंद झाले. आई रूथ व वडील लेस यांना मुलाची काळजी होती. बसून करता येईल असे एखादे काम त्याने शिकावे असे कोणत्याही आईवडिलांना वाटले असते. बसून करण्याजोगा खेळही जगात आहे आणि तो आपल्याच गॅरेजच्या दारातून आत येणार आहे हे मात्र त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नसावे.

आता थोडे त्या मोटारीविषयी. इंग्लंडमध्ये सर हर्बर्ट ऑस्टिन नावाचे कारखानदार होते. १९२१ साली त्यांच्या मनात आले की सामान्य माणसाला परवडेल अशी एक छोटी मोटार तयार करावी. कंपनीच्या इतर लोकांना ही कल्पना पसंत नव्हती. तेव्हा ऑस्टिन यांनी कारखान्यातील स्टॅन्ली एज नावाच्या एका नकाशे काढणाऱ्या मुलाला आपल्या घरी बोलावले आणि घरच्या बिलियर्डच्या खोलीत बसून दोघांनी मिळून त्या मोटारीचे आराखडे तयार केले. एज त्या वेळी फक्त अठरा वर्षांचा होता. ही मोटार म्हणजे ऑस्टिन सेव्हन. ती १९२२ मध्ये बाजारात आली व १९३९ पर्यंत अडीच लाखांहून अधिक मोटारी विकल्या गेल्या. जर्मनीतील बी.एम.डब्ल्यू. कंपनीची पहिली मोटारसुद्धा याच ऑस्टिनच्या परवान्यावर तयार झालेली होती.

ऑस्टिन सेव्हनचे इंजिन ७४७ सी.सी. क्षमतेचे होते. आपल्याकडील मारुती ८०० मोटारीचे इंजिन ७९६ सी.सी.चे असे. त्याहूनही हे लहान. तरीही या बाळमोटारीने शर्यतीत मोठमोठ्या मोटारींना मागे टाकले. १९२९ साली आयर्लंडमधील अल्स्टर प्रांतात भरलेल्या मोठ्या शर्यतीत एक ऑस्टिन सेव्हन तिसरी आली. त्या यशावरून ऑस्टिन कंपनीने आपल्या स्पोर्ट्स मोटारीला अल्स्टर हे नाव मिळवले. तिचा सांगाडा जमिनीला अधिक जवळ होता, आणि वरचा पत्रा हलक्या ॲल्युमिनियमचा होता. दोन माणसे दाटीवाटीने बसत. दार म्हणण्यासारखे दार नव्हते. पाय उचलून आत टाकायचा आणि बसायचे.

अशीच एक १९२९ सालची अल्स्टर लेस मॅक्लारेन यांना ऑकलंडमध्ये मिळाली. मिळाली म्हणजे मोटार मिळाली नाही, तिचे भाग मिळाले. सारी मोटार सुटी केलेली होती. लेस यांनी ११० पौंड मोजून ते सामान विकत घेतले. ती जोडून तयार करावी आणि चार पैसे नफा घेऊन विकावी असा त्यांचा साधा हिशेब होता. पण ब्रूसने ते सामान पाहिले आणि ही मोटार विकायची नाही असा हट्ट धरला. तो तेरा-चौदा वर्षांचा होता. बरेच दिवस त्याने वडिलांचा पिच्छा पुरवला. अखेर वडील मानले. शाळा सुटल्यावर व सुट्टीच्या दिवशी बापलेक मिळून मोटार उभी करू लागले.

सुटी पडलेली जुनी मोटार पुन्हा उभी करणे म्हणजे काय, हे ज्याने केले नाही त्याला कळणे कठीण आहे. नवी मोटार कारखान्यात जुळवतात तेव्हा प्रत्येक भाग मापाचा असतो. जुन्या मोटारीचे तसे नसते. प्रत्येक भाग आधी रॉकेलमध्ये धुवावा लागतो. गंज व वाळलेले ग्रीस निघाल्यावरच तो भाग खरा कसा आहे ते दिसते. मग तो मोजायचा. दांडा किती झिजला आहे, तो ज्या बेअरिंगमध्ये फिरतो ते किती सैल झाले आहे, दात्यांच्या चक्राचा एखादा दात तुटला आहे काय, हे पाहायचे. झडपा आपल्या जागी घट्ट बसाव्यात म्हणून त्या पेस्ट लावून हाताने घासाव्या लागतात. हे काम तासन् तास चालते. घाई केली तर झडप गळते आणि इंजिनाचा जोर जातो. एखादा नट जरा जास्त आवळला तर बोल्टचे आटे जातात. कमी आवळला तर तो वाटेत सुटतो. किती आवळायचा हे पुस्तकात लिहिता येते, पण मनगटाला ते कळायला वेळ लागतो. जुन्या मिस्त्रींना आपण उस्ताद म्हणतो ते या मनगटामुळेच.

शिवाय ऑस्टिनच्या घडणीत काही गोष्टी निराळ्या होत्या. तिचा सांगाडा इंग्रजी ए अक्षरासारखा होता. टोक पुढे आणि फाकलेले पाय मागे. पुढच्या बाजूला स्प्रिंगचा एकच आडवा पाटा, तर मागे दोन अर्धे पाटे. सांगाडा इतका हलका की रस्ता खराब असला तर तोच थोडा पिळला जाई. क्लच दाबायला जागा फार थोडी. पाय केसभर हलला की मोटार एकदम उडी मारी. आणि सर्वांत वाईट म्हणजे ब्रेक. ते तेलाच्या दाबावर चालणारे नव्हते, तारांनी ओढले जात. तारा सारख्या ताणल्या गेल्या नाहीत तर एक चाक आधी थांबे आणि मोटार त्या बाजूला वळे. त्या काळच्या ऑस्टिन सेव्हनमध्ये पुढचे ब्रेक हाताच्या दांडीने आणि मागचे पायाने लावायचे असत.

मोटार उभी राहिली. पहिली चक्कर लेस यांनीच मारली आणि ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मोटार सरळ चालत नव्हती, रस्त्यावर इकडेतिकडे भटकत होती. ब्रेक जवळजवळ नव्हतेच. ही मोटार धोक्याची आहे असे त्यांचे स्पष्ट मत झाले. इतकी मेहनत करून शेवटी हे हाती आले.

येथे दुसरा कोणी असता तर त्याने मोटार विकून टाकली असती. ब्रूसच्या दृष्टीने मात्र काम आता सुरू झाले होते. मोटार जोडून झाली ही एक गोष्ट, आणि ती चांगली चालणे ही दुसरी. पहिल्यापेक्षा दुसरी कितीतरी अवघड. ब्रूस घरामागच्या अंगणात, फळझाडांच्या मधून, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या चकरा मारू लागला. मोटार कोठे घसरते, का घसरते, घसरताना चाक कोणत्या बाजूला फिरवावे, हे सारे तो शिकत होता. झाडांची साल किती निघाली असेल आणि आईने काय म्हटले असेल ते सांगता येत नाही. पण लंगडणारा मुलगा मोटारीत बसला की लंगडा राहत नव्हता. तेथे सगळ्यांसारखाच, किंबहुना थोडा पुढेच होता.

न्यूझीलंडमध्ये त्या वेळी पंधराव्या वर्षी मोटार चालवण्याचा परवाना मिळत असे. ऑकलंडच्या पश्चिमेस मुरिवाई नावाचा काळ्या वाळूचा समुद्रकिनारा आहे. तेथील डोंगराच्या वळणावळणाच्या रस्त्यावर १९५२ साली चढाईची शर्यत झाली. अशा शर्यतीत मोटारी एकामागून एक सुटतात व प्रत्येकीला वर पोहोचायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहतात. हीच ब्रूसची पहिली स्पर्धा. मिसरूडही न फुटलेला मुलगा आणि त्याच्याहून वयाने मोठी असलेली मोटार, असा तो जोडा होता.

शर्यतीत उतरले की मोटारीतील उणिवा लपत नाहीत. ब्रूसने एक एक उणीव हाती घेतली. आधी इंजिन. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण शिरते. दट्ट्या वर येऊन ते दाबतो, मग ठिणगी पडून मिश्रणाचा भडका होतो आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. मिश्रण जितके अधिक दाबले जाईल तितका भडक्याचा जोर अधिक. म्हणून सिलिंडरच्या डोक्यावरचे झाकण, ज्याला हेड म्हणतात, त्यातील पोकळी लहान केली व तिला नीट आकार दिला तर तेच इंजिन जास्त ताकद देते. पण याला मर्यादा आहे. फार दाबले तर मिश्रण वेळेआधी पेट घेते, इंजिन ठोके देऊ लागते आणि दट्ट्याला भोक पडू शकते. ब्रूसने अल्स्टरच्या हेडवर अशाच प्रकारचे काम केले. ही छोटी मोटार आता ताशी ८० मैलांच्या पुढे, म्हणजे सुमारे १३० किलोमीटरहून अधिक वेगाने पळू लागली.

वेग वाढला की नवी अडचण येते. पूर्वी जे ब्रेक कसेबसे पुरत होते ते आता मुळीच पुरेनात. ताकद वाढली की दांड्यावर ताण पडतो, ताण पडला की बेअरिंग तापतात. ऑस्टिनच्या इंजिनाचा मुख्य दांडा फक्त दोन बेअरिंगांवर टेकलेला होता, त्यामुळे जास्त वेगात तो मधोमध लवत असे. यंत्रात एकच भाग सुधारून भागत नाही. एक सुधारला की शेजारचा कमी पडतो. तो सुधारला की तिसरा. हे ओळखायला ब्रूस या मोटारीवर शिकला आणि मला तरी वाटते की पुढच्या आयुष्यात त्याने जे जे केले त्याची सुरुवात येथेच आहे. शर्यती जिंकणारे ड्रायव्हर पुष्कळ झाले. मोटार चालवताना तिच्या पोटात काय चालले आहे हे ज्याला कळते असे फार थोडे.

योगायोग असा की त्याच सुमारास इंग्लंडमध्येही एक तरुण ऑस्टिन सेव्हनच विकत घेऊन ती घरगुती गॅरेजात नव्याने बांधत होता. त्याचे नाव कॉलिन चॅपमन. त्याने १९४८ मध्ये तयार केलेली ती मोटार म्हणजे प्रसिद्ध लोटस मोटारींपैकी पहिली. पुढे लोटस आणि मॅक्लारेन या दोन नावांनी जगभरच्या शर्यतीत एकमेकांशी झुंज दिली. दोघांच्याही मुळाशी एकच स्वस्तातली बाळमोटार असावी याची मौज वाटते.

शाळेनंतर ब्रूस ऑकलंड विद्यापीठाच्या इंजिनियरिंगच्या शिक्षणाकडे वळला. इकडे मोटारीही बदलत होत्या. ऑस्टिननंतर फोर्डच्या भागांतून बांधलेली एक मोटार आली, मग ऑस्टिन हीली, मग इंग्लंडच्या कूपर कंपनीची मोटार. प्रत्येक मोटार घरी आली की तो आधी ती उघडून पाहत असे आणि काहीतरी सुधारल्याशिवाय शर्यतीत नेत नसे. १९५७-५८ च्या हंगामात न्यूझीलंडच्या अजिंक्यपद स्पर्धेत त्याचा दुसरा क्रमांक आला. होतकरू ड्रायव्हरला युरोपात पाठवण्याची एक योजना तेथील शर्यत-संघटनेने सुरू केली होती. १९५८ मध्ये पहिलीच निवड ब्रूसची झाली. विद्यापीठाचे शिक्षण मात्र अपुरे राहिले. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट आवडत नाही आणि ती अनुकरण करण्यासारखी आहे असे मी म्हणणार नाही. इतके खरे की गणित आणि यंत्रशास्त्र जितके तो शिकला होता तितके त्याने पुरेपूर वापरले.

इंग्लंडमध्ये सर्बिटन या गावी कूपर पितापुत्रांचे गॅरेज होते. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवलेल्या त्यांच्या हलक्या मोटारी त्या वेळी गाजत होत्या. ब्रूस तेथे पोहोचला तेव्हा त्याच्यासाठी तयार मोटार उभी नव्हती. कारखान्यात स्वतः राबून त्याला ती जुळवावी लागली. ज्याने गॅरेजात सुट्या भागांतून अल्स्टर उभी केली होती त्याला याचे भय काय वाटणार! त्याच वर्षी जर्मनीतील नूरबुर्गरिंगच्या शर्यतीत लहान इंजिनाच्या मोटारींत तो पहिला आला आणि सर्व मोटारींत पाचवा.

१९५९ मध्ये कूपरच्या मुख्य संघात त्याला जागा मिळाली. त्याचा जोडीदार होता ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबम. १२ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेत सेब्रिंग येथे वर्षातील शेवटची शर्यत होती. ब्रॅबम सर्वांत पुढे होता, पण शेवटच्या फेरीत त्याचे पेट्रोल संपले. मागून येणारा ब्रूस पुढे गेला आणि जिंकला. दुसरा आलेला ड्रायव्हर त्याच्या मागे एका सेकंदाहूनही कमी अंतरावर होता. ब्रॅबमने आपली मोटार ढकलत ढकलत रेषेपलीकडे नेली, चौथा क्रमांक मिळवला व जगज्जेतेपदही मिळवले. ब्रूस त्या दिवशी २२ वर्षे १०४ दिवसांचा होता. फॉर्म्युला वनची ग्रांप्री शर्यत इतक्या लहान वयात जिंकण्याचा हा विक्रम २००३ पर्यंत टिकला. त्या वर्षी स्पेनच्या फर्नांडो अलोन्सोने तो मोडला.

१९६१ मध्ये ब्रूसचे पॅटी हिच्याशी लग्न झाले. पुढे त्यांना अमांडा नावाची मुलगी झाली. १९६२ मध्ये त्याने मोनॅकोची शर्यत जिंकली. तरी त्याचे मन अस्वस्थ होते. दुसऱ्याच्या कारखान्यात आपल्याला सुचलेले बदल करायला मोकळीक नसते. १९६३ मध्ये त्याने स्वतःची कंपनी स्थापन केली. नाव मोठे, पण जागा म्हणजे लंडनजवळ न्यू मॉल्डन येथील एक शेड. तेथे खाली फरशी नव्हती, मातीच होती, आणि रस्ता सपाट करण्याचे एक यंत्रही त्याच शेडमध्ये उभे असे. माणसे मोजकीच. १९६४ च्या आरंभी टास्मानियातील एका शर्यतीच्या सरावात त्याचा तरुण अमेरिकन जोडीदार टिमी मेयर अपघातात मरण पावला. ब्रूसने त्याच्याविषयी अतिशय हळवा मृत्युलेख लिहिला. टिमीचा भाऊ टेडी मेयर ब्रूसच्या कंपनीत राहिला आणि पुढे तिचा आधारस्तंभ झाला.

या शेडमध्ये पहिले मोठे काम झाले ते जुनी मोटार नव्याने बांधण्याचेच. झेरेक्स स्पेशल नावाची एक मोटार अमेरिकेत होती. मुळात ती कूपरची शर्यतीची मोटार. अपघातात मोडल्यावर रॉजर पेन्स्की या अमेरिकन ड्रायव्हरने ती घेऊन तिला स्पोर्ट्स मोटारीचे रूप दिले होते. ब्रूसने ती विकत घेतली. तिचा सांगाडा मधूनच कापून काढला, त्या जागी नव्या नळ्यांचा मजबूत सांगाडा जोडला आणि ओल्ड्समोबिल कंपनीचे आठ सिलिंडरचे इंजिन त्यात बसवले. जून १९६४ मध्ये कॅनडातील मोस्पोर्ट येथे ही मोटार जिंकली. तिच्यावर मिळालेल्या अनुभवातून मॅक्लारेन कंपनीची स्वतःची पहिली स्पोर्ट्स मोटार तयार झाली.

ब्रूस काम कसे करी ते एका प्रसंगावरून ध्यानात येते. हॉलंडमध्ये झांडव्हूर्ट येथे तो एका नव्या मोटारीची चाचणी घेत होता. पुढच्या भागावरचे पेट्रोल भरण्याच्या तोंडाचे लहान झाकण वेगात फडफडत असल्याचे त्याला दिसले. वेग वाढला की हवेने ते दाबले जायला हवे होते. ते तर उलट जास्तच उचलले जात होते. ब्रूसने मोटार थांबवली, पत्रा कापण्याची कात्री मागितली आणि रेडिएटरच्या मागचा पत्रा तेथल्या तेथे कापून टाकला. पुन्हा बसून फेरी मारली तर वेळ कमी लागला. रेडिएटरमधून आत शिरलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नव्हती, तीच मोटारीचे नाक वर उचलत होती. कापलेल्या जागेतून हवा निघून गेली आणि पुढची चाके रस्त्याला टेकून राहिली. मोठ्या प्रयोगशाळेत जे शोधायला लागले असते ते त्याला एका फडफडणाऱ्या झाकणाने दाखवले. अर्थात असे झाकण पुष्कळांच्या डोळ्यांसमोर फडफडत असते!

पुढची काही वर्षे यशाची होती. १९६६ मध्ये फ्रान्समधील ल मान्स येथील २४ तासांची शर्यत त्याने आपल्याच देशाच्या ख्रिस ॲमनबरोबर फोर्ड मोटारीत जिंकली. १९६८ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे तो स्वतःच्या नावाच्या मोटारीतून ग्रांप्री जिंकला. स्वतःची मोटार चालवून असा विजय मिळवणारे जगात फार थोडे आहेत. अमेरिका व कॅनडातील कॅन-ॲम नावाच्या मोठ्या स्पोर्ट्स मोटारींच्या स्पर्धेत तर मॅक्लारेनच्या नारिंगी मोटारींनी इतरांना उभेच राहू दिले नाही. १९६९ मध्ये त्या स्पर्धेतील अकराच्या अकरा शर्यती या संघाने जिंकल्या आणि ब्रूस विजेता ठरला. त्याच्या संघात डेनी हल्म हाही न्यूझीलंडचाच होता. कंपनीच्या पहिल्या बोधचिन्हात न्यूझीलंडचा किवी पक्षी होता.

मोटारींच्या शर्यतीला त्या काळी आजच्यासारखी सुरक्षितता नव्हती. दर वर्षी एखाददुसरा प्रसिद्ध ड्रायव्हर मरत असे. ब्रूसला हे ठाऊक होते. त्याचे मित्र त्याच्या डोळ्यांदेखत गेले होते. तो बेफिकीर नव्हता, उलट सावध ड्रायव्हर म्हणून ओळखला जात होता. पण नव्या मोटारीची चाचणी दुसऱ्यावर सोडून देणे त्याला पटत नसे. आपल्या कारखान्यात तयार झालेली मोटार कशी चालते ते आपल्या हातांना कळले पाहिजे, ही त्याची अल्स्टरपासूनची सवय होती.

२ जून १९७० रोजी इंग्लंडमध्ये गुडवुडच्या धावपट्टीवर तो कॅन-ॲमसाठी बांधलेली नवी मोटार चालवून पाहत होता. सरळ रस्त्यावर भरवेगात असताना मोटारीच्या मागच्या भागाचे आवरण निसटले. त्यावरच्या पंखामुळे हवा मोटारीला जमिनीवर दाबून धरत असते. तो दाब एका क्षणात गेला. मोटार गरगर फिरली आणि कडेच्या एका पक्क्या बांधकामावर आदळली. ब्रूस जागीच गेला. तो ३२ वर्षांचा होता.

कॅन-ॲमची पहिली शर्यत १४ जूनला मोस्पोर्ट येथे होती. मध्ये बारा दिवस होते. कंपनीतील माणसांनी रडत रडत का होईना, मोटारी तयार केल्या. मोस्पोर्टला अमेरिकेचा डॅन गर्नी मॅक्लारेनच्या मोटारीत बसला व त्याने शर्यत जिंकली. डेनी हल्मचे हात काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका अपघातात भाजलेले होते. तरी तोही त्या शर्यतीत उतरला आणि त्या वर्षीचे विजेतेपद त्यानेच मिळवले. १९७४ मध्ये ब्राझीलचा एमर्सन फिटिपाल्डी मॅक्लारेनच्या मोटारीतून फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. त्यानंतर या नावाला अनेक विजेतेपदे मिळाली. २०२४ मध्येही संघांचे जगज्जेतेपद मॅक्लारेननेच जिंकले.

पुढे इंग्लंडमध्ये वोकिंग या गावी कंपनीची काचेची भव्य इमारत उभी राहिली. तिच्या आत कंपनीच्या गाजलेल्या मोटारी ओळीने मांडून ठेवल्या गेल्या. त्या ओळीत १९२९ सालची ऑस्टिन अल्स्टरही ठेवण्यात आली. कंपनीने ती बनवलेली नाही. ती आकाराने इतकी लहान आहे की शेजारच्या मोटारींपुढे खेळण्यासारखी दिसते.